पहाटे चारचे श्रोते

काही वर्षांपूर्वी कामासाठी तीन महिने लॉस एंजेलिसला होतो. पुण्यातल्या टीमशी रोज बोलायचं, आणि पुण्यात संध्याकाळचे साडेपाच म्हणजे तिथे पहाटेचे पाच. त्यामुळे मी अंधारातच ऑफिसला पोचायचो. मजल्यावर तेव्हा फक्त सफाई करणारे लोक असायचे. त्यांच्या ट्रॉलीला एक छोटा रेडिओ टांगलेला असे. पहिल्या दिवशी तो ऐकून मला वाटलं, खाली रस्त्यावरून कुणाची वरात चालली आहे. पितळी वाद्यं, ढोल, मध्येच एक माणूस जोरजोरात हसतोय, कुणाला तरी फोनवर छळतोय, आणि ट्रॉली ढकलणाऱ्या मावशी एकट्याच खुदखुदतायत.

आठच्या सुमारास ते लोक घरी जायचे, रेडिओही त्यांच्याबरोबर जायचा. मग हेडफोन लावलेले इंजिनिअर यायचे. त्यांच्यापैकी कुणालाच तो हसणारा माणूस माहीत नव्हता. मी चौकशी केली, थोडं वाचलं, आणि कळलं की या शहरात असे हसणारे माणूस अनेकदा सगळ्या रेडिओ स्टेशनांमध्ये पहिल्या नंबरावर राहिलेत. इंग्रजी स्टेशनं धरून.

लॉस एंजेलिसच्या स्पॅनिश रेडिओचा इतिहास वाचताना मला एक प्रश्न सतत दिसत राहिला. लाखो श्रोते समोर असतात, पण ते 'आहेत' हे कधी ठरतं? आणि कोण ठरवतं?

पडीक तास

सुरुवात १९२० च्या दशकाच्या शेवटी होते. पेद्रो गोन्सालेस हा मेक्सिकन माणूस. मेक्सिकोच्या क्रांतीत तो पांचो विया या बंडखोर सेनानीच्या फौजेत तारायंत्रावर काम करायचा. पुढे लॉस एंजेलिसला आला, गोदीत हमाली केली. आवाज चांगला होता, गाणी येत होती.

तेव्हाच्या स्टेशनांकडे एक अडचण होती. पहाटेच्या वेळेला जाहिराती मिळत नसत. इंग्रजी बोलणारा मध्यमवर्ग झोपलेला, मग जाहिरात ऐकणार कोण? हे तास पडीक जमिनीसारखे होते. मालक ते स्वस्तात विकायचे. घेणाऱ्याने स्वतः जाहिराती आणायच्या, स्वतः कार्यक्रम करायचा, नफा-तोटा त्याचा. अमेरिकेतल्या स्पॅनिश रेडिओची सुरुवात बरीचशी अशा पडीक तासांतून झाली.

बरबँकच्या केईएलडब्ल्यू स्टेशनवर गोन्सालेसला पहाटे चार ते सहाची वेळ मिळाली. स्टेशनच्या हिशेबात ती मेलेली वेळ. पण त्याच वेळी शहरातले हजारो मेक्सिकन मजूर उठून शेतांवर, कारखान्यांत, बांधकामांवर जायची तयारी करत असत. त्याच्या गटाचं नावच 'लोस माद्रुगादोरेस' होतं, म्हणजे पहाटे उठणारे. त्यात भौतिकशास्त्राचीही मदत होती. एएम लहरी अंधारात वरच्या वातावरणावरून परावर्तित होऊन फार दूर जातात, त्यामुळे सूर्य उगवायच्या आधीचा हा कार्यक्रम शेकडो मैलांवर ऐकू जायचा. स्वस्तात मिळालेली वेळ नेमकी योग्य श्रोत्यांची निघाली.

मग मंदी आली. नोकऱ्या गेल्या आणि खापर मेक्सिकन लोकांवर फुटलं. २६ फेब्रुवारी १९३१ रोजी लॉस एंजेलिसच्या जुन्या चौकात, ला प्लासीतामध्ये, अधिकाऱ्यांनी सुमारे ४०० लोकांना घेरून कागदपत्रं तपासली. पुढच्या काही वर्षांत देशभरातून लाखो मेक्सिकन वंशाचे लोक मेक्सिकोला गेले किंवा पाठवले गेले. त्यात अमेरिकेत जन्मलेले, तिथलेच नागरिक असलेले कितीतरी होते. गोन्सालेस याविरुद्ध माइकवर बोलायला लागला. गाणी म्हणणारा माणूस अचानक सरकारला खुपू लागला, कारण तो बोलला की लोक ऐकत होते.

१९३४ मध्ये त्याला बलात्काराच्या आरोपाखाली अटक झाली. शिक्षा झाली एक ते पन्नास वर्षांची. तक्रारदार मुलीने नंतर सांगितलं की आपल्याकडून खोटी साक्ष वदवून घेतली. तरी तो सुटला नाही. त्याची बायको मारिया बाहेर लोकांना जमवत राहिली. सहा वर्षं सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात काढल्यावर १९४० मध्ये त्याला सोडलं आणि मेक्सिकोत धाडून दिलं. सीमेला लागून असलेल्या तिहुआनात त्याने पुन्हा रेडिओ सुरू केला. १९७० च्या दशकात तो अमेरिकेत परतला आणि १९९५ मध्ये, वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी वारला. 'ब्रेक ऑफ डॉन' हा १९८८ चा सिनेमा त्याच्यावरच आहे.

म्हणजे ज्या श्रोत्यांना बाजार मोजत नव्हता, त्यांची मोजणी सत्तेने मात्र बरोबर केली होती.

बेसबॉल न पाहिलेला समालोचक

दुसऱ्या महायुद्धानंतर स्पॅनिशला काही तासांऐवजी अख्खी स्टेशनं मिळू लागली, पण बहुतेक एएमवर. त्यातलं एक केडब्ल्यूकेडब्ल्यू. १९५५ मध्ये हायमे हारीन नावाचा तरुण इक्वेडोरहून या शहरात आला आणि पुढे याच स्टेशनवर बातम्या वाचू लागला. १९५८ मध्ये डॉजर्स हा बेसबॉल संघ न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधून लॉस एंजेलिसला आला आणि त्याचे सामने स्पॅनिशमध्ये ऐकवायचं ठरलं. इक्वेडोरमध्ये हारीनने बेसबॉल पाहिलेलाही नव्हता. वर्षभर खेळ शिकून १९५९ पासून तो समालोचन करू लागला. सुरुवातीची काही वर्षं बाहेरगावच्या सामन्यांना स्पॅनिश समालोचकांना पाठवत नसत. ते लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत बसून इंग्रजी समालोचन कानात ऐकत आणि तोच सामना स्पॅनिशमध्ये नव्याने उभा करत, समोर मैदान असल्यासारखा.

यामागची कथा कडू आहे. डॉजर्सचं १९६२ मध्ये उघडलेलं स्टेडियम ज्या टेकड्यांवर आहे, त्या चावेझ रवीन भागात आधी मेक्सिकन कुटुंबांची वस्ती होती. १९५० च्या दशकात ती उठवली गेली. शेवटची घरं १९५९ मध्ये पोलीस बोलावून रिकामी केली. त्या शहराच्या कितीतरी मेक्सिकन घरांत डॉजर्सचं नाव काढलेलं चालत नसे. संघ आणि हे श्रोते यांच्यातला पूल रोज संध्याकाळी, थोडा थोडा करून, रेडिओने बांधला. १९८१ मध्ये सोनोरातल्या एका खेड्यातला फर्नांदो वालेन्सुएला डॉजर्ससाठी गोलंदाजी करायला उतरला, सुरुवातीचे सलग आठ सामने जिंकला, आणि शहर वेडं झालं. त्याला इंग्रजी येत नव्हतं. पत्रकार परिषदांत त्याच्या शेजारी दुभाषा म्हणून हारीन बसायचा. हारीन २०२२ मध्ये निवृत्त झाला, तेव्हा त्याला डॉजर्सचे सामने सांगत साठाहून जास्त वर्षं झाली होती.

'स्पॅनिश' म्हणजे नेमकं कोण?

रेडिओत 'फॉरमॅट' म्हणजे स्टेशनचा साचा. कुठली गाणी, कुठल्या वयाच्या लोकांसाठी, निवेदक कसा बोलणार, जाहिरात कुणाची. फॉरमॅट म्हणजे खरं तर श्रोता कोण आहे याचा एक अंदाज असतो.

१९८० च्या दशकात लॉस एंजेलिसमधल्या स्पॅनिश एफएमचा अंदाज साधारण असा होता: आपला श्रोता 'लॅटिनो' आहे. मग तो मेक्सिकन, क्यूबन की साल्वादोरचा, फरक पडत नाही. त्याला गुळगुळीत प्रेमगीतं हवीत आणि निवेदकाची भाषा कुठल्याच गावची वाटू नये. १०७.५ वरचं के-लव्ह हे या साच्याचं मोठं स्टेशन. जाहिरातदारांनाही हेच बरं वाटे. खेड्यातलं संगीत लावलं तर स्टेशन गावंढळ दिसेल, अशी भीती.

तोवर शहर बदललं होतं. १९८६ च्या कायद्याने देशभरातल्या सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा मिळाला. जे लपून राहत होते ते स्थिरावले, त्यांनी गाड्या घेतल्या, मुलं शाळेत घातली. १९९० च्या जनगणनेत लॉस एंजेलिस काउंटीत लॅटिनो लोक जवळपास ३८ टक्के होते, आणि त्यातले बहुसंख्य मेक्सिकन वंशाचे. हालिस्को, मिचोआकान, साकातेकास, सिनालोआ अशा राज्यांतल्या खेड्यांतून आलेले. त्यांच्या लग्नांत, सणांत वाजायची ती 'बांदा'. सनई-चौघड्याच्या जागी क्लॅरिनेट, ट्रंपेट, मोठे ढोल आणि ट्युबा नावाचं जाडजूड पितळी वाद्य कल्पा. ऑफिसमध्ये मला वरात वाटली ती याचमुळे.

स्पॅनिश ब्रॉडकास्टिंग सिस्टिम ही कंपनी आलार्कोन या क्यूबन कुटुंबाची. तिचं ९७.९ वरचं एक स्टेशन धड चालत नव्हतं. १९९२ मध्ये कंपनीने त्याचा साचाच बदलला. नाव केएलएएक्स, लोकांच्या तोंडी 'ला एकीस'. गाणी बांदा आणि रांचेरा, म्हणजे खेड्यातली. सकाळी माइकवर हुआन कार्लोस इदाल्गो आणि 'एल पेलादियो' अशी जोडी. इदाल्गो स्वतः स्थलांतरित, शेतात राबून रेडिओत आलेला. हे दोघे श्रोत्यांशी गावच्या बोलीत, गावच्या शिव्या-विनोदांत बोलायचे.

काही महिन्यांतच अर्बिट्रॉन या मोजणी कंपनीचे आकडे आले आणि 'ला एकीस' सगळ्या लॉस एंजेलिसमध्ये पहिलं. नुसतं स्पॅनिश स्टेशनांत नव्हे, सगळ्यांत. इंग्रजी रेडिओवाल्यांनी आधी कागद पुन्हा तपासला असेल. न्यूयॉर्कहून ऐकवला जाणारा हॉवर्ड स्टर्न तेव्हा नुकताच तिथे सकाळचा राजा झाला होता. त्यालाही या जोडीने मागे टाकलं.

श्रोते एका रात्रीत जन्माला आले नव्हते. ते आधीपासून होते, कॅसेट लावत होते, शनिवारी मैदानांत नाचत होते. पण त्यांच्यासाठी बटण नव्हतं. ते मिळाल्यावर एक पिढीच हलली. अमेरिकेत जन्मलेली, आईवडिलांच्या गाण्यांना लाजणारी पोरं हॅट-बूट घालून 'केब्रादिता' नाचू लागली. कमरेला आईवडिलांच्या राज्याचं नाव लिहिलेले पट्टे आणि रुमाल लटकू लागले. ही लाट असतानाच, नोव्हेंबर १९९४ मध्ये, कॅलिफोर्नियाने 'प्रपोझिशन १८७' सुमारे ५९ टक्के मतांनी मंजूर केलं. कागदपत्रं नसलेल्यांना सरकारी शाळा आणि तातडीचे नसलेले उपचार नाकारणारा हा कायदा पुढे न्यायालयात अडला. पण मतदानाआधी, १६ ऑक्टोबरला, सुमारे ७० हजार लोक शहराच्या मध्यभागात मोर्चाने आले होते. 'आम्ही इथे आहोत' हे रेडिओने दोन वर्षं रोज सकाळी म्हटलं होतं, ते आता रस्त्यावर आलं.

वाफा पाडलेलं शेत

यानंतरची स्टेशनांची रणनीती शेतात वाफे पाडण्यासारखी आहे. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीला एकाच शहरात जास्त स्टेशनं घ्यायची मुभा मिळाली. हेफ्टेल कंपनीकडे के-लव्ह होतंच. तिने १९९७ मध्ये १०१.९ वरचं इंग्रजी स्टेशन घेऊन तिथे मेक्सिकन गाणी लावली आणि सकाळी रेनान आल्मेन्दारेस कोएयो याला बसवलं. त्याचं टोपणनाव 'एल कुकुई', म्हणजे बागुलबुवा. गंमत अशी की मेक्सिकन श्रोत्यांचा हा लाडका होंडुरासचा होता. लवकरच तो पहिल्या नंबरावर गेला.

पुढे ही कंपनी हिस्पॅनिक ब्रॉडकास्टिंग झाली आणि २००३ मध्ये युनिव्हिजनमध्ये विरघळली. एकाच मालकाकडे तेव्हा प्रेमगीतांचं स्टेशन वेगळं, खेड्यातल्या संगीताचं वेगळं, जुन्या गाण्यांचं वेगळं, बातम्या-गप्पांचं वेगळं. बायको के-लव्ह ऐकते, नवरा कामावर बांदा ऐकतो, सासू जुनी गाणी. एक घर, तीन स्टेशनं, जाहिरातीचा पैसा एकाच गल्ल्यात.

घरातल्या पोरांचं काय? ती घरी स्पॅनिश ऐकतात, शाळेत इंग्रजी बोलतात, एकाच वाक्यात दोन्ही. त्यांच्यासाठी २००५ मध्ये स्पॅनिश ब्रॉडकास्टिंगने ९६.३ वर 'लातीनो' सुरू केलं. रेगेटन आणि हिपहॉप, निवेदन मिसळीच्या भाषेत. सुरुवात धडाक्यात झाली, पण काही वर्षांत तेही नाव आणि रूप बदलून बसलं. तरुण श्रोता एका साच्यात फार काळ राहत नाही. आपल्या वयाच्या माणसांना हे वेगळं सांगायला नको.

एवढं यश असूनही पैशात मात्र खोट राहिली. १९९९ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगासाठी एक अभ्यास झाला. त्याच्या शीर्षकाचा अर्थच 'पहिला नंबर पुरेसा नसतो तेव्हा' असा होता. जाहिरात कंपन्या स्पॅनिश आणि कृष्णवर्णीय श्रोत्यांची स्टेशनं सरळ वगळतात, किंवा तेवढ्याच श्रोत्यांसाठी कमी पैसे देतात, असं त्यात मांडलं होतं. मोजणीत आलात म्हणजे हिशेबात आलात असं नव्हे.

पांढरे कपडे घालून या

डिसेंबर २००५ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने एक विधेयक मंजूर केलं. कागदपत्रांशिवाय देशात राहणं हाच त्यात गंभीर गुन्हा ठरणार होता. तेव्हा १०१.९ वर सकाळी एदुआर्दो सोतेलो होता. त्याचं टोपणनाव 'पिओलीन', म्हणजे ट्वीटी पक्षी. १९८६ मध्ये तो स्वतः गाडीच्या डिकीत लपून सीमा ओलांडून आलेला. 'एल कुकुई' एव्हाना प्रतिस्पर्धी 'ला एकीस'च्या लहरीवर गेला होता. तिसऱ्या स्टेशनवर 'एल मांद्रिल' होता. हे लोक रोज सकाळी एकमेकांचे श्रोते पळवायचे.

मार्च २००६ मध्ये ते एकत्र आले आणि आपापल्या स्टेशनवरून एकच निरोप देऊ लागले: मोर्चाला या, पांढरे कपडे घाला, मुलाबाळांना आणा, अमेरिकेचा झेंडा आणा, कचरा उचलून घेऊन जा. २५ मार्चला पोलिसांच्याच अंदाजाने पाच लाख लोक आले. इंग्रजी माध्यमांना हे लोक कुठून आले ते समजेना. सोशल मीडिया तेव्हा बाल्यावस्थेत होता. ज्या मजल्यांवर पहाटे रेडिओ वाजत होता, तिथे कुणाला आश्चर्य वाटलं नसेल. ते विधेयक पुढे सिनेटमधून पार झालंच नाही.

१९३४ मध्ये पहाटेच्या एका आवाजाला तुरुंगात टाकता आलं होतं. २००६ मध्ये ते शक्य नव्हतं, कारण आता मागे पहिल्या नंबरची स्टेशनं होती, जाहिरातींचं दुकान होतं. बाजाराने दिलेलं हे संरक्षण होतं. अर्थात बाजाराने दिलेलं बाजार काढूनही घेतो. पिओलीनचा कार्यक्रम २०१३ मध्ये कंपनीने बंद केला.

डायरी आणि पेजर

आता माझ्या धंद्याशी जवळचा भाग. अर्बिट्रॉन श्रोते मोजायची ती डायरीने. निवडलेल्या घरांत एक वही जायची, आठवडाभर कोणतं स्टेशन किती वेळ ऐकलं ते हाताने लिहायचं. यात आठवण आणि माया दोन्ही मिसळतात. आवडत्या स्टेशनला माणूस हात सैल सोडून तास लिहितो.

२००८ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये डायरीच्या जागी पेजरएवढं यंत्र आलं. स्टेशन आपल्या आवाजात कानाला न कळणारा संकेत मिसळतं, आणि तुमच्या कमरेचं यंत्र तो पकडतं. विसरणं नाही, माया नाही. आणि पहिल्याच मोजण्यांत अनेक स्पॅनिश स्टेशनं क्रमवारीत खाली घसरली. स्टेशनवाल्यांचं म्हणणं होतं की नमुन्यात फक्त मोबाइल वापरणारी घरं कमी, तरुण आणि मुख्यतः स्पॅनिश बोलणारे कमी. न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्याने कंपनीवर खटला भरला. २००९ मध्ये तडजोड होऊन कंपनीने नमुना सुधारायचं मान्य केलं.

खरं कोण? मला वाटतं दोघंही थोडे थोडे. डायरी प्रेम मोजत होती, यंत्र कानावर पडलेला आवाज. श्रोता या दोन्हींपेक्षा मोठा असतो. पण यंत्राचा आकडा दशांश चिन्हासह येतो म्हणून तो जास्त खरा वाटतो.

हे मी ठामपणे म्हणतो, कारण हा गाढवपणा मी स्वतः केला आहे. पूर्वी एका ॲपवर काम करत होतो. डॅशबोर्ड सांगायचा की छोट्या गावांतले लोक आमचं एक फीचर दोन मिनिटांत सोडून जातात. आम्ही ते बंद केलं. मग तक्रारींचे फोन आले. शोधल्यावर कळलं की आमचा मोजणीचा कोड जुन्या फोनवर आणि मंद नेटवर अर्ध्यात मरत होता. लोक होते, तासभर असायचे. आमच्याकडे त्यांची नोंद पोचत नव्हती, आणि नोंद नाही म्हणजे माणूस नाही असं आम्ही ठरवलं. तो कोड मीच लिहिला होता.

लॉस एंजेलिसच्या त्या ऑफिसमध्ये लिफ्टबाहेर एक स्क्रीन होती. मजल्यावर आत्ता किती जण हजर आहेत, ते ती कर्मचाऱ्यांच्या कार्डांवरून दाखवायची. सफाईच्या लोकांची कार्डं कंत्राटदाराची, वेगळी. पहाटे पाचला मी आत शिरायचो तेव्हा ट्रॉली फिरत असायची, ट्युबा वाजत असायचा, चौघं-पाच जणं हसत असायची.

स्क्रीनवर आकडा यायचा: १.